पडद्यावरचं शून्य

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी दाबमापक आहे. कापड रंगवण्याच्या कारखान्यात, एका बंद टाकीवर माझा जन्म गेला. टाकीत वाफेचा दाब किती, ते मोजून पलीकडच्या खोलीतल्या पडद्यावर धाडायचं, एवढंच माझं काम. मध्ये तार नाही, सगळा कारभार हवेतून. मी आलो आणि टाकीवरचा काट्याचा साधा मीटर लोकांनी काढून टाकला. तेव्हा माझी छाती फुगली होती.

मला बसवलं एका फिटरने. त्याचा थोरला भाऊ त्या खोलीत पडद्यासमोर बसे. "दादाचं काय, बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकायच्या!" असं धाकटा चिडवी. पण झाकणाला हात लावण्याआधी तो दरवेळी फोन करी, "दादा, उघडू का?" थोरला माझा आकडा बघून "उघड" म्हणे, मगच धाकटा झाकण उघडे.

माझ्यासमोरून लोखंडी गाडा गेला की माझा आवाज तुटे आणि खोलीत घंटा वाजे. थोरल्याचे कान किटले. "लांडगा आला रे आला, किती वेळा ऐकायचं?" म्हणत त्याने घंटा बंद करून घेतली. आवाज तुटला तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहावा, अशी सोयही करून घेतली. सगळे म्हणाले, बरं झालं, कटकट गेली.

एका दुपारी टाकी रिकामी झाली. मी शून्य कळवलं. मग कुणीतरी रंगाची लोखंडी पिंपं माझ्यासमोर रचून ठेवली. वाफेची झडप गळत होती. बंद टाकीत दाब पुन्हा चढू लागला. मी जीव तोडून सांगत होतो, पण पडद्यावर शून्यच होतं. तेवढ्यात झाकणाचं रबर बदलायला धाकटा आला.

"दादा, उघडू का?"

"शून्य आहे. उघड बिनधास्त."

झाकण उडालं. धाकटा तिथेच गेला.

मला काढून भांडारातल्या फळीवर टाकलं. थोरला एकदा आला. मला हातात घेऊन म्हणाला, "अरे, एकदा तरी सांगायचंस!" दादा, मी सांगतच होतो. हे दुःख कुठे ठेवावं, मला कळत नाही. माझी बॅटरी अजून संपलेली नाही. मी अजूनही खरा आकडा पाठवतो, पण ऐकायला कुणी नाही.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमच्यासमोरची वाट मोकळी ठेवा. आणि ज्याचा आवाज येईनासा झाला, तो सुखरूप आहे असं धरून चालू नका. उठा, जाऊन बघा. ती खोली आणि ती टाकी एकाच छपराखाली होती.