शून्याची ढेप

"आन् मैदानात येतोय भांडगावचा भैरू! हलगीवाल्यांनो, हलगी तापवून ठिवा. गुळाची ढेप स्टेजवर आणा. भैरूशेठ जास्त येळ लावत न्हाईत."

वरवंडच्या मैदानावर हशा पिकला. पिचकडे चाललेला भैरू मधेच थांबला, त्याने एकदा स्टेजकडे पाहिलं, आणि बॅट बगलेत मारून तो पुन्हा चालू लागला.

माइक म्हस्कूच्या हातात होता. ते पाहून भैरूच्या काळजाला चटका बसला, कारण सकाळीच म्हस्कूने त्याला शब्द दिला होता.

वर्षभर शेतकऱ्यांच्या पंपांच्या जळक्या मोटारी वाइंड करणारा म्हस्कू टूर्नामेंट आली की वेगळाच माणूस होई. टोपी तिरकी घालून स्टेजवर बसला की शेजारचे पुढारीसुद्धा फिके पडत. धावा कुणीही मोजेल. म्हस्कूचे हिशेब निराळे. संघातल्या बाळासोने आजवरचे सगळे सिक्स कॅनॉलच्या अंगाला मारले, कारण रस्त्याच्या अंगाला त्याची बायको बसते आणि तिकडे बघितलं की त्याचे पाय लटपटतात, असं तो छातीठोकपणे सांगे. खोटं म्हणायची सोय नव्हती. सिक्स खरोखरच कॅनॉलच्या अंगाला असत.

सगळ्यात जास्त हिशेब भैरूचे. भैरू पहिल्या चेंडूवर कधी बाद होत नाही. तो गार्ड घेतो, फिल्डिंग न्याहाळतो, दोनतीन चेंडू अदबीने सोडतो आणि मग प्रसाद वाटावा तसा कॅच देऊन येतो. "आपला संघ आजवर एकदाच जिंकला, आन् त्या दिवशीबी भैरूच्या धावा शून्य," असं म्हस्कू म्हणाला की लोक पोट धरून हसत.

एका साली हरल्यावर तो माइकवर म्हणाला होता, "हरलो तरी तोंड गोड करू." शून्यावर जाईल त्याला म्हस्कू मोटर वाइंडिंगतर्फे गुळाची ढेप. तेव्हापासून प्रथाच पडली. भैरूला फेटा बांधायचा, खांद्यावर जरीची फीत लावलेली ढेप द्यायची आणि हलगीच्या तालावर मैदानाला फेरी मारायची. लोक फायनलपेक्षा या फेरीची वाट बघत. भैरूही हसे. दुसऱ्या दिवशी त्याची बायको साखरबाई म्हस्कूच्या दुकानावर गुळपोळ्यांचा डबा धाडी. जिव्हारी लागलं असतं तर पोळ्या कशा आल्या असत्या, असा म्हस्कूचा हिशेब होता.

भैरूला हौस होती असंही नाही. गावातली चांगली पोरं शिक्रापूरला कंपन्यांत गेली, उरलेली दुसऱ्या संघांनी पळवली. दरवर्षी एक गडी कमी पडे आणि म्हस्कू भैरूच्या गोठ्यात जाऊन उभा राही. या वर्षी मात्र भैरू धार काढता काढता म्हणाला होता, "औंदा नको रं. आमच्या पोरीच्या, मोनिकाच्या सासरची मानसं आल्यात शिरूरवरनं. नवी सोयरीक हाय. त्यांच्यापुढं ती मिरवणूक नको."

म्हस्कू म्हणाला, "गूळ काढतच न्हाई औंदा. शब्द देतो तुला. पन तू न्हाई आलास तर दहाच जनं राहत्यात."

म्हणून भैरू आला होता. म्हस्कूने ढेप मुद्दाम दुकानात ठेवली होती. ती कुणा हौशीने उचलून आणली. भैरू पॅड बांधू लागला तसे लोक ओरडू लागले, ढेप, ढेप. लाइव्ह दाखवणारा पोऱ्या म्हणाला, "मामा, बघणारे वाढल्यात." म्हस्कूची जीभ सुटली. ती सुटली की त्याला आवरत नसे.

भैरूने गार्ड घेतला, फिल्डिंग न्याहाळली, दोन चेंडू सोडले आणि कॅच दिला.

हलगी कडाडली. मांडवात मोनिकाचा नवरा विश्वजीत मोबाइल वर धरून शूटिंग करत होता. तिचे सासरे हसता हसता तिच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या आबांचं लईच नाव हाय की हितं." मोनिका मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

म्हस्कूला स्टेजवरून हे सगळं दिसलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माइक अजून त्याच्याच हातात होता. भैरूचा एक हिशेब त्याने कधीच सांगितला नव्हता. म्हस्कू तेव्हा स्वतः खेळायचा; संघ जिंकला त्या दिवशी मैदानात त्या दोघांची शेवटची जोडी होती, आणि दौंडच्या वेगवान बोलरची अख्खी ओव्हर भैरूने छातीवर, मांडीवर झेलून काढली होती. पुढच्या ओव्हरला म्हस्कूने सिक्स मारला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. भैरू तेव्हा शून्यावर नाबाद होता. म्हस्कू फक्त शून्य सांगत आला. नाबाद सांगितलं असतं तर भैरू त्याच्या सिक्समध्ये वाटेकरी झाला असता.

आता सांगता आलं असतं. "मामा, बोला की," पोऱ्या म्हणाला. म्हस्कूच्या तोंडून एवढंच निघालं, "टाळ्या."

भैरूने फेटा बांधून घेतला, ढेप खांद्यावर घेतली आणि हसत फेरी मारली. व्याह्यांपुढे आल्यावर त्याने एका हाताने नमस्कार केला, कारण दुसऱ्या हाताने ढेप धरली होती.

दुसऱ्या दिवशी म्हस्कूने दुकान उघडलंच नाही. डबा यायच्या आत तो भैरूच्या घरी गेला. पाहुणे सकाळच्या गाडीने शिरूरला परतले होते. गोठ्यात साखरबाई दगडाने ढेप फोडून म्हशीच्या पाटीत टाकत होती. जरीची फीत बाजूला पडली होती.

"वहिनी, ही कालचीच का?"

"व्हय. दरसाल म्हशीलाच जाती."

"मग पोळ्या?"

साखरबाईचा हात थांबला. "पोळ्यांना मी निराळा आणते, गुऱ्हाळावरनं. मैदानातला गूळ ह्यांच्या घशाखाली उतरत न्हाई. पन डबा धाडला न्हाई तर तुमच्या ध्यानात येईल, वाईट वाटंल तुमाला. ह्येच म्हंत्यात, धाड."

भैरू वैरणीचा भारा घेऊन आला. "म्हस्क्या, उभा का? बस की."

म्हस्कू बसला. म्हणाला, "भैरू, आपन जिंकलो त्या दिवशी तू नाबाद व्हतास. म्या कवा सांगितलं न्हाई कुनाला."

भैरूने भारा खाली टाकला. "मला ठावं हाय की. मी तिथंच व्हतो."

तो वैरण सोडू लागला. साखरबाईने आतून ताटली आणून म्हस्कूपुढे ठेवली. गुळपोळी गरम होती, नेहमीसारखीच खरपूस भाजलेली. तिने तूप वाढायला हात पुढे केला आणि किती वाढू म्हणून विचारलं. मागे म्हैस पाटी चाटत होती.