दुधाविना ग्रातँ

माझ्या सासूबाईंनी, मालनबाईंनी, काशीला जाऊन दूध सोडलं त्याला अकरा वर्षं झाली. दूध, दही, तूप, सगळंच. काशीत आवडती वस्तू सोडायची असते ना! तेव्हापासून सासरेही त्यांच्या सोबतीनं काळा चहा पितात, आणि पवनीतली आमची आळी या जोडप्याचे गोडवे गाते.

मी लग्नाआधी नागपूरच्या एका हॉटेलात फ्रेंच स्वयंपाक शिकले. सगळे पदार्थ दुधालोण्यात बुडालेले. त्यातला एक तरी सासूबाईंना खाऊ घालायचाच, असा मी हट्ट धरला होता. दुधाविना पांढरा सॉस होईल का, हा किडा महिनाभर डोक्यात वळवळत होता. शेवटी भिजवलेले शेंगदाणे वाटून गाळले आणि ते पाणी तेलात परतलेल्या मैद्यात घोटलं. वांग्याच्या चकत्यांवर तो सॉस, वर भाजलेल्या पोह्यांचा चुरा. ओव्हन नाही, म्हणून भांडं कढईतल्या तापल्या वाळूवर झाकून ठेवलं. फ्रेंच लोक याला ग्रातँ म्हणतात.

सासूबाई चार वेळा झाकण उघडून बघून गेल्या.

"दूध नाही, मंग पांढरं कायनं झालं वं?"

"शेंगदाण्यानं."

"अन् चव?"

"तुमीच सांगा."

त्या खायला बसल्या. बोटानं सॉस बाजूला सारला, वांगं तेवढं खाल्लं. पुन्हा तसंच. माझं डोकंच सणकलं. महिनाभराची मेहनत ताटाच्या कडेला!

"आई, सॉस काहून टाकून राहिल्या?"

"दुधासारखा लागते."

"मंग? दूध तं तुमच्या आवडीचं ना?"

"मले? लहानपणापासून मळमळते दुधानं." बोलून गेल्या आणि जीभ चावली.

शेजारी काळा चहा पीत बसलेल्या सासऱ्यांचा कप हातातच राहिला. "मंग काशीत दूध काहून सोडलं?"

"पंड्यानं आवडीचं सोडा म्हटलं. वांगं ओठावर आलं होतं, पण हिंमत नाही झाली. दूध म्हणून मोकळी झाली."

"अकरा वर्षं," सासरे काळ्या चहाकडे बघत म्हणाले. "तुले एकटीले सोसा लागू नये म्हणून मी..."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या, माझ्या चहासाठी ठेवलेलं दूध घेतलं, आपल्या हातानं चहा केला आणि सासऱ्यांपुढे ठेवला. मग स्वतःचं ताट दूर सारलं.

"आजपासून वांगं सोडलं. आता खरं."

सासऱ्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि सासूबाईंचं उष्टं ताट आपल्याकडे ओढलं.

"या खेपेस," ते म्हणाले, "मी सोबतीले नाही."