कोपऱ्यातलं विसण

कुरोइवा गुरुजी आले आणि त्यांनी सर्वांत आधी न्हाणीघरातली बांबूची पन्हळ बंद करवली.

त्या पन्हळीतून डोंगरातलं गार पाणी कुंडाच्या एका कोपऱ्यात पडायचं. अकिताच्या त्या रानात झऱ्याचं पाणी जमिनीतून वर येतं तेच मुळी अंडं उकडेल इतकं कढत. कुंडात पोचेपर्यंत ते थोडंफार निवतं, पण म्हाताऱ्या माणसाला सोसवेल एवढं नाही. म्हणून ज्याला भाजतं त्यानं पन्हळीच्या कोपऱ्यात बसावं, पाण्यात हवं तेवढं विसण पडू द्यावं, अशी तिथली जुनी रीत होती. गुरुजींना ती पाहवली नाही.

"हा पाण्याचा खून आहे," ते तिथल्या सराईच्या तरुण मालकीणबाईंना म्हणाले. "धरणीमातेनं जे दिलं त्यात नळाचं पाणी मिसळता?"

"नळाचं नाही हो गुरुजी, ओढ्याचं," चिहारुबाई चाचरत म्हणाल्या.

"तेच ते."

गुरुजींनी गरम झऱ्यांवर अकरा पुस्तकं लिहिली होती. ती वाचून शहरातले लोक शनिवार-रविवारी रानोमाळ पाणी हुंगत फिरायचे. तेव्हा चिहारुबाईंनी कमरेत वाकून होकार दिला आणि पन्हळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबवला.

संध्याकाळी तोमेआजी कुंडात उतरली आणि किंचाळून बाहेर आली.

तोमे शहात्तर वर्षांची. खालच्या खोऱ्यातल्या गावात तिची भातशेती. एक्केचाळीस वर्षं, जून महिन्यात लावणी उरकली की ती मैत्रिणीला, मित्सुएला, घेऊन बसनं वर यायची आणि सात दिवस राहायची. मुख्य इमारतीत नव्हे, मागच्या लाकडी चाळीत. चाळीत उतरणाऱ्यानं आपले तांदूळ, आपलं आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो आणावं आणि सामाईक चुलीवर आपलं आपण रांधावं. वर्षभर चिखलात वाकलेले गुडघे त्या सात दिवसांत पुन्हा माणसाचे व्हायचे. ते सात दिवस मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी आपण लावणीला उभ्या राहणार नाही, हे तोमेला पक्कं ठाऊक होतं.

आणि या वर्षी चाळच राहील की नाही याची खात्री नव्हती. ती पाडून तिथे एकेका जोडप्यासाठी खासगी कुंडाच्या कुटी बांधायचं चिहारुबाईंच्या मनात होतं. गुरुजी काय म्हणतात यावर सगळं ठरणार होतं.

"म्हणजे आपली चाळ त्या पाण्यातल्या पंडिताच्या जिभेवर आहे म्हण," मित्सुए मुळा चिरता चिरता म्हणाली.

"हळू बोल गं. इकडेच येतोय."

गुरुजी चुलीपाशी आले. अंगावर सुती किमोनो, गळ्यात टॉवेल, हातात वही. त्यांनी नाक वर केलं.

"इथे लोणच्याचा वास येतो."

"लोणचंच आहे, म्हणून येतो," तोमे म्हणाली.

"रानातली शांतता बिघडते त्यानं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "तुम्ही दिवसातून किती वेळा उतरता, आजी?"

"तीनदा. पहिल्या दिवशी एकदाच."

गुरुजी हसले. ज्ञानी माणसं अडाण्यांच्या कीवेनं हसतात तसं. "मी सात वेळा उतरतो. विसण न घालता. पाण्याशी ओळख करून घ्यायची तर त्याच्या अटींवर करायची."

"उकडलेल्या शिंपल्यासारखं तोंड उघडाल हो गुरुजी," मित्सुए म्हणाली.

दोन दिवस गुरुजींची तपश्चर्या चालली. पहाटे, न्याहारीनंतर, जेवणाआधी, जेवणानंतर. ते पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "लाजरं पाणी आहे. मागून गोडवा येतो." चिहारुबाई शेजारी उभ्या राहून मान डोलवायच्या. त्यांच्या आजोबांनी त्या पाण्याला उभ्या जन्मात 'कढत' याखेरीज दुसरं विशेषण लावलं नव्हतं. म्हाताऱ्या मात्र कळशीनं अंगावर पाणी घेऊन भागवत होत्या आणि गुडघे चोळत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी न्हाणीघराच्या दारात आडवे झाले. उकडलेल्या ऑक्टोपससारखे लालबुंद. अंगात ताप, पोटात काही ठरेना. चिहारुबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर खोऱ्यात, आणि दरड कोसळल्यामुळे रस्ता संध्याकाळपर्यंत बंद.

"पाणी बाधलंय, दुसरं काय," तोमे पदरचे तांदूळ धुता धुता म्हणाली. "दोन दिवस कुंडाकडे फिरकू द्यायचं नाही. पेज पाजायची. पाण्यावर अकरा पुस्तकं लिहिलीत आणि एवढं ठाऊक नाही!"

"मरू दे की," मित्सुए म्हणाली. "चाळीच्या मुळावर आलाय तो."

"मेला तर मालकीणबाई चाळीवरच खापर फोडतील. ते पातेलं दे इकडे."

ते पातेलं तोमेचंच होतं. चाळीत वर्षानुवर्षं येणाऱ्या बायका आपली भांडी तिथल्या फळीवर ठेवून जायच्या. प्रत्येकीच्या भांड्याच्या बुडावर तिचं नाव. तोमेचं नाव तिच्या नवऱ्यानं नांगराला लावायच्या तांबड्या रंगानं लिहिलेलं होतं. तो जाऊन चौदा वर्षं झाली. अक्षरं अजून वाचता येत होती.

त्या पातेल्यात तिनं पातळ पेज रांधली, वर उमेबोशीचं खारवलेलं आंबट फळ ठेवलं आणि गुरुजींना चमच्यानं भरवली. दुसऱ्या दिवशी गुरुजी उठून बसले, आणि पहिली मागितली ती वही.

"आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

इथे तोमे चुकली. एक्केचाळीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. ती सांगत सुटली. पहिल्या दिवशी एकदाच का उतरायचं, सातव्या दिवशी का उतरायचं नाही, पेजेला पाणी किती, मिसोत रानातली कोणती पाला-भाजी, आणि विसणाचा कोपरा कुणासाठी. गुरुजी लिहीत गेले. त्यांनी फोटो मागितला तेव्हा तिनं केस नीट केले आणि पातेलं हातात धरून हसलीसुद्धा.

"सगळंच काय सांगतेस त्याला?" मित्सुए बाहेर आल्यावर म्हणाली. "आणि केस कशाला गं नीट केलेस?"

"वारा होता."

"खिडकी बंद होती."

पण मित्सुएलाही गप्प बसावं लागलं. कारण जाताना गुरुजी चिहारुबाईंना गंभीरपणे म्हणाले, "चाळीला हात लावू नका. हेच तुमचं रत्न आहे. मला ते पहिल्या नजरेतच दिसलं होतं." पन्हळीतला बोळाही निघाला. त्या दिवशी दोघी कोपऱ्यात बसून विसण अंगावर घेत इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. तोमेनं पातेलं घासून फळीवर ठेवलं आणि पुढच्या जूनपर्यंत त्याचा निरोप घेतला.

गुरुजींचं बारावं पुस्तक हिवाळ्यात आलं. एप्रिलमध्ये तोमेला चिहारुबाईंचं पत्र आलं, सोबत रंगीत माहितीपत्रक. पहिल्याच पानावर पातेलं घेतलेली तोमे. खाली लिहिलं होतं की हरवत चाललेलं साधं जगणं इथे अनुभवा, आपली पेज आपण रांधा. आजारातून उठताना गुरुजींना झालेल्या साक्षात्काराचंही वर्णन होतं. चमचा कुणाच्या हातात होता ते तेवढं राहून गेलं होतं.

पत्र फार नम्र होतं. चाळ पानगळीपर्यंत भरलेली असल्यामुळे या वर्षी खोली देता येत नाही, याबद्दल चिहारुबाई जमिनीला डोकं टेकून क्षमा मागत होत्या. मात्र तोमेआजींनी 'चाळीची आजी' म्हणून यावं, निळी विजार घालून पाहुण्यांना पेज शिकवावी, ही विनंती. राहण्याची सोय नोकरांच्या खोल्यांत. नियमाप्रमाणे नोकरांना पाहुण्यांच्या कुंडात उतरता येत नाही, तेवढं समजून घ्यावं.

लावणी उरकल्यावर दोघी बसनं वर गेल्या. मित्सुएच्या पाठीवर पिशवी होती आणि पिशवीतून फावड्याचा दांडा डोकावत होता.

चाळ तीच होती, पण फळ्यांना काळा रंग देऊन ती आणखी जुनी केली होती. चुलीपाशी शहरी जोडपी तांदूळ धुताना एकमेकांचे फोटो काढत होती. एक बाई लोणच्याचा वास घेऊन म्हणत होती, "अहाहा, हाच तो वास!"

दिवाणखान्यात, उशीवर, काचेखाली, तोमेचं पातेलं होतं.

"आलात आजी! विचार केलात ना?" चिहारुबाई लगबगीनं पुढे आल्या. "गुरुजीसुद्धा येणार आहेत पुढच्या आठवड्यात."

"मी आजीच आहे, बाई. तुमच्या विजारीत शिरून आणखी कुठली होऊ?" तोमेनं काच उचलून बाजूला ठेवली आणि पातेलं काखेत मारलं.

"अहो, ते नका नेऊ! लोक तेच बघायला येतात!"

तोमेनं पातेलं उलटं करून बूड दाखवलं. "नाव वाचा."

चिहारुबाईंनी वाचलं. पाहुण्यांच्या देखत त्या सवयीनं कमरेत वाकल्या.

खोऱ्यात परतायची बस चारला होती. सात दिवस नाहीत, तीन तास. दोघी बीच वृक्षांच्या झाडीतून एकमेकींना धरून धरून नदीच्या वाळवंटात उतरल्या. तिथे गोट्यांखालून वाफ येते हे गुरुजींना सांगायचं तोमेकडून चुकून राहिलं होतं. तेवढं एकच राहिलं होतं. मित्सुएनं फावड्यानं खड्डा केला. अर्धा तास लागला. दोनदा ती बसली आणि तीनदा गुरुजींच्या बापाचा उद्धार केला. तळातून कढत पाणी वर आलं, गढूळ, पिवळसर. तोमेनं पाय घातला आणि लगेच वर घेतला.

"मागून गोडवा येतोय का?" मित्सुएनं विचारलं.

"भाजतंय, मेलं!"

तोमेनं नदीतून पातेलं भरून घेतलं आणि खड्ड्यात ओतलं.

"आणखी ओत," मित्सुए म्हणाली. "कोण बघतंय?"

तोमेनं दुसरं पातेलं भरलं.