रिकामी ताटली

"दहा मिनिटांत मिळेल!" मी काउंटरवरून ठणकावलं, आणि आत बाबांच्या हातातला पाना थांबला.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझी जीभ माझ्याच पुढे धावत होती.

बाबा वीस वर्षं चेनसॉ, म्हणजे साखळीच्या यंत्रकरवती, दुरुस्त करतात. गिऱ्हाईक भुशाने माखलेली करवत टेबलावर आदळतं आणि ती उभ्या-उभ्या नवीकोरी व्हावी अशी त्याची अपेक्षा असते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "ठेवून जा. संध्याकाळी या."

त्या दिवशी आले होते झाडं तोडणारे काका. "शाळेमागच्या झाडाला दोर बांधून आलोय, माणसं खोळंबलीत. ब्रेक उगाच मध्येमध्ये लागतो, तेवढं बघा."

"संध्याकाळी," बाबा म्हणाले.

"पोरगी दहा मिनिटं म्हणतेय! मालक कोण, ती की तुम्ही?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी करवत उघडली. काका टेबलावर बोटं वाजवत राहिले आणि बाराव्या मिनिटाला करवत घेऊन गेलेसुद्धा.

मी टेबल आवरायला घेतलं. सुटे भाग बाबा एका स्टीलच्या ताटलीत काढून ठेवतात आणि त्यातूनच एकेक परत बसवतात. ताटली उचलली, तर काहीतरी खुळखुळलं. करंगळीएवढी स्प्रिंग.

"बाबा, ही कसली?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "ब्रेकची."

करवत उसळून तोंडावर आली, तर साखळी जागच्या जागी थांबवते ती हीच स्प्रिंग. काकांना फोन लावला, नुसता वाजत राहिला. काम करताना ते कान झाकून घेतात. बाबांचा गुडघा धड नाही.

"तू पळ!"

स्प्रिंग मुठीत घेऊन मी कधीच रस्त्यावर होते. चपला कुठे राहिल्या देव जाणे. वळणावरच करवतीचा आवाज कानावर आला. बंद पड, बंद पड, मी धावता धावता म्हणत होते. आणि तो खरंच बंद पडला. एकदम. आता कुणीतरी किंचाळेल म्हणून मी भिंतीला धरून उभी राहिले. मग डोळे मिटूनच कोपरा वळले.

काका गवतात बसून करवतीत पेट्रोल ओतत होते.

"काय गं, काय विसरलो?"

वक्तृत्वातली पहिली मी! नुसती मूठ उघडून दाखवली.

बाबा लंगडत आले, तिथेच मांडी घालून बसले आणि करवत खोलली. कामाची माणसं भोवती गोळा झाली.

"वीस वर्षांचा हात म्हणे!" काका ओरडले. "मेलो असतो की मी!"

"हो," बाबा म्हणाले. "चूक माझी."

"काका, घाई तर मी..."

बाबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. त्यांनी स्प्रिंग बसवली, ब्रेक लावून पाहिला. खट. सोडून पुन्हा. खट. पाच वेळा.

आता करवत देण्याआधी बाबा मला ताटली गिऱ्हाइकासमोर धरायला लावतात. "बघून घ्या, रिकामी आहे." कुणी हसतं, कुणी वैतागतं.

आणि "किती वेळ लागेल गं?" असं कुणी मला विचारलं, की बाबा आतून बोलेपर्यंत मी गप्प उभी राहते, ताटली दोन्ही हातांनी धरून.