आठ दातांचं कडं

चाक तुम्ही उघडलंत. उघडून पाहिलंत, हाती काही लागलं नाही, परत बसवताना चुकलात, आणि ती चूक माझ्या बहिणीच्या नावावर टाकून मोकळे झालात. शर्यत समितीच्या शिक्क्याचा कागद माझ्यासमोर आहे. त्यात ‘तांत्रिक हलगर्जीपणा’ हे शब्द दोनदा आलेत. ‘शर्यतीआधी आम्ही चाक उघडलं’ हे शब्द एकदाही नाहीत.

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर ही कोण टिकोजीराव, असं विचारत बसाल. मी पंपाच्या कारखान्यात लेथ चालवते. सायकलचं काम कुठे शिकले नाही, बिघडवत बिघडवत शिकले. धाकटी चढाच्या शर्यतीत उतरते आणि तिच्या सायकलचा प्रत्येक नट माझ्या हातून जातो. आता तिच्यावर दोन वर्षांची बंदी आहे, कारण स्वार स्वतःच्या सायकलला जबाबदार, असा तुमचा नियम. ती एकोणतीस वर्षांची आहे. दोन वर्षांनी ती चढाखाली उभी राहील तेव्हा शेजारच्या मुली तिला मावशी म्हणतील.

तुमचा कागद म्हणतो, टायटॅनियमच्या गिअरचकत्या ॲल्युमिनियमच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसवू नयेत, हे प्राथमिक ज्ञान आहे. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एक चाक खोललेलं नाही.

चकत्या घ्यायला मी सुटे भाग विकणाऱ्याकडे तीनदा गेले. त्याला सगळे ‘पाव ग्रॅम’ म्हणतात, कारण कुठलीही वस्तू हातात दिली की तो म्हणतो, ही पाव ग्रॅमने हलकी. माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्या माणसाच्या दुकानात मी खिशात लोहचुंबक घेऊन जाते.

“ताई, खरेदीला आलात की धाड टाकायला?” तो म्हणाला.

“ते तुमच्या मालावर आहे.”

चुंबक मोठ्या सहा चकत्यांना चिकटलं नाही. छोट्या चारांना चटकन चिकटलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

“छोट्या पोलादीच असतात, ताई. टायटॅनियम मऊ, लहान चकतीचे दात महिन्यात झिजतील. हे मी लपवत नाही, डब्यावर लिहिलंय.”

डब्यावर लिहिलेलं होतं. तरी मी एक चकती त्याच्याच काट्यावर तोलली, मग पाण्यात बुडवून तोलली, आणि वजनातला फरक धरून हिशेब केला. धातू खरा निघाला. तो तोवर स्टुलावर बसून माझ्याकडे असा बघत होता, जसं मी त्याच्या मुलीसाठी आलेलं स्थळ तपासतेय.

“आता हबचं सांगा,” मी म्हटलं. “आमचा ॲल्युमिनियमचा आहे. त्याच्यावर ज्या उभ्या धारा असतात, त्यांना सुटी चकती चावते. पायाखाली जोर आला की पातळ चकती धारेत सुरीसारखी घुसते.”

“म्हणून तर ही दाखवतोय.” त्याने चकत्यांची चळत उलटी केली. मोठ्या सहाच्या सहा चकत्या एका रुंद पंजावर रिव्हेट मारून बसवलेल्या. “जोर एका चकतीवर येत नाही, पूर्ण पंजावर वाटला जातो. चावणार कोण? पोलादी चळतीपेक्षा सव्वाशे ग्रॅमने हलकी.”

“आणि पाव?”

“पाव तुम्हाला माझ्याकडून.”

म्हणजे जे ज्ञान तुम्ही मला शिकवताय त्याची उलटतपासणी मी चाक बांधण्याआधीच केली होती. चकत्यांची निवड चुकली नव्हती. एकच अडचण होती: आमचा हब चळतीपेक्षा जरा लांब. दोन मिलिमीटरला थोडं कमी. तेवढी जागा भरायला चळतीच्या मागे, स्पोकच्या बाजूला, एक कडं घालावं लागतं. बाजारातलं कडं बसेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी ते लेथवर केलं. हबवर नऊ खाचा, म्हणून कड्याला आतून नऊ दात. नववा दात कानसताना तुटला. बसण्यात काही फरक पडत नव्हता. नवं करायला हवं होतं, मी आळस केला. धाकटीने त्याला निळा रंग दिला आणि म्हणाली, “बोळकं झालंय बिचाऱ्याचं.”

आणखी एक. कामाच्या शेवटी मी चळत दाबून धरणाऱ्या बाहेरच्या लॉकनटवरून चकतीवर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढते. नारिंगी, धाकटीच्या बाटलीतली. नट कुणी हलवला तर रेघ तुटते. ही माझी सवय. जगावर विश्वास नाही, म्हणून लावून घेतलेली.

त्या चाकावर ती अकरा दिवस चढ चढली. अकरा दिवसांत एकदा खडखड नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सायकली तुमच्या तपासणी कक्षात जमा झाल्या. तपासनिसाने आमची काट्यावर लटकवली. किमान वजनापेक्षा चाळीस ग्रॅम जास्त, म्हणजे नियमात. तरी त्याने चाकाकडे मान वाकडी करून पाहिलं.

“इतकं हलकं कसं काय?”

“टायटॅनियम.”

“हो का,” तो म्हणाला. त्या ‘हो का’चा सूर मला ओळखीचा आहे. मालाचा संशय आला की मीही तसंच म्हणते.

सायकल सकाळी परत मिळाली ती शर्यत सुटायच्या वीस मिनिटं आधी. दोरीच्या आत मला प्रवेश नव्हता. धाकटीने बसून दोन पॅडल मारली आणि पलीकडून मला हात केला, कानाला लावून. आवाज येतोय, असं. मग तिने तपासनिसाला सांगितलं, मागून खडखडतंय, माझ्या ताईला एकदा बघू द्या. तो म्हणाला, “सगळं तपासलेलं आहे, मॅडम. घाबरल्यावर सगळ्यांनाच आवाज येतात.”

तिसऱ्या वळणावर ती पॅडलवर उभी राहिली, चकत्या डगमगल्या, चेन घसरली आणि ती रस्त्यावर आडवी झाली. उजवं मनगट मोडलं. चाक तुम्ही पुरावा म्हणून ठेवून घेतलंत. हबच्या धारा चावल्या गेल्यात, असं नऊ दिवसांनी कागदावर आलं.

त्या नऊ दिवसांत मी कुणावर संशय घेतला नाही ते विचारा. आधी पाव ग्रॅमवर. त्याच्या दुकानात जाऊन नको ते बोलले. तो रागावला नाही, त्याने तशीच दुसरी चळत काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “घ्या, कापा, वितळवा. खोटी निघाली तर दुकानाची पाटी उतरवतो.” मी माफी मागितली नाही. आज इथे मागते.

मग घरी. धाकटी पलंगावर, हात गळ्यात. मी तिला भात कालवून देत होते. ती म्हणाली, “ताई, एक विचारू? ते बोळकं कडं घातलं होतंस ना?”

“घातलं होतं.”

“नाही, विसरली असशील तर सांग. मी कुणाला बोलणार नाही. आईलासुद्धा नाही.”

“अगं, अकरा दिवस चालवलंस ना त्याच्यावर?”

“पण नंतर एकदा चाक धुवायला काढलं होतंस.”

काढलं होतं. शर्यतीच्या तीन दिवस आधी, आणि त्यानंतर विश्रांती म्हणून ती त्यावर बसलीच नव्हती. मी घास ताटात परत ठेवला. चिखल, केरोसीन, फडकं, सगळं आठवत होतं. कडं घालताना माझी बोटं मात्र आठवेनात. ती माझ्याकडे मायेने बघत होती, आणि ती माया मला तुमच्या कागदापेक्षा जास्त लागली. माझ्या बहिणीने मला मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं, न केलेल्या गोष्टीबद्दल. केली नव्हती, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

काल चाक घ्यायला तुमच्या कचेरीत आले. त्याच तपासनिसाने ते टेबलावर ठेवलं. मी आधी रेघ पाहिली. नटवरचा तुकडा एकीकडे, चकतीवरचा दुसरीकडे, मधे बोटभर अंतर. मग मागे पाहिलं. निळं काही नाही. सगळी चळत स्पोकला टेकलेली.

आता नीट ऐका. ते कडं मागे असतं, चकत्यांच्या पलीकडे. ताटांच्या मधून खांब गेला असेल तर तळचं ताट काढायला वरची सगळी काढावी लागतात. धडपडून ते पडत नाही. आणि ते नसलं की लॉकनट हबवर टेकतो, हाताला घट्ट लागतो, आत चकत्या मात्र दोन मिलिमीटर मोकळ्या नाचतात. त्यांनी धारा चावल्या. टायटॅनियमने नाही.

तरी तुम्ही म्हणाल, कडं तूच विसरलीस आणि रेघ पडल्यावर हलली. मीही तेच म्हटलं असतं. सही करायला मी रजिस्टरवर वाकले. बाजूला तपासणी कक्षाची किल्ली पडली होती. किल्ली एका निळ्या कड्यात अडकवलेली.

मी सही हळूहळू केली. माझं नाव एवढं मोठं नाही, पण काल ते मी बरंच लांबवलं. मोजले. आठ दात, आणि जिथे नववा असायला हवा तिथे माझ्या कानशीचा तिरका ओरखडा.

“हे कडं छान आहे,” मी म्हटलं. “कुठे मिळालं?”

“पडलं होतं तपासणी कक्षात. टेबलाखाली.”

“कधी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. मग किल्ली उचलून खिशात टाकली आणि म्हणाला, “मॅडम, सही झाली असेल तर निघा.”

मी ओढाओढ केली नाही. तो माणूस वाईट आहे असंही मला वाटत नाही. आवरताना राहिलेली वस्तू त्याने कामाला लावली, ती कशातून राहिली हे त्याला कालपर्यंत कळलंही नसेल. तुम्हाला कळलं होतं. नंतर पुरावा तपासताना कडं निघालं म्हणाल, तर खडखड शर्यतीआधीच होती. धाकटीने ती ऐकल्याचं तुमच्या कागदात नाही, ते कुणीतरी विचार करून गाळलंय. चाक उघडल्याचा मला राग नाही. हलकी वस्तू दिसली की मीही संशय घेते. पण मी मालकाच्या तोंडावर घेते.

कडं मी स्वतः केलेलं होतं, हे मी या पत्राने स्वतःहून कबूल केलंय. तुमच्या नियमात हाताने केलेला भाग बसत नसेल तर त्याची शिक्षा मला द्या. दोन वर्षं द्या, दहा द्या, कुठल्याही दोरीच्या आसपास मला फिरकू देऊ नका. धाकटीने ते कडं फक्त रंगवलं होतं.

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तू घातलं होतंस.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग हे त्यांच्याकडून लिहून घे.”

म्हणून लिहितेय. पुढची निवड-शर्यत बावीस दिवसांवर आहे आणि तिचं प्लास्टर आजपासून अठराव्या दिवशी निघतं. त्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत तपासणी कक्षाची किल्ली कुणाकडे होती? माझ्या बहिणीचं चाक कुणी, कुणाच्या सांगण्यावरून उघडलं? आणि ते आठ दातांचं कडं आज कुणाच्या खिशात आहे? नाव लिहून, सही करून, उत्तर द्या.