पिस्ता रंगाची अणुभट्टी

मित्रांनो, मी एक जुनी अणुभट्टी आहे. आधीच सांगून टाकते, माझ्यात कोळसा घालत नाहीत, विटा भाजत नाहीत आणि माझ्यातून धूरही निघत नाही. हे लोकांना सांगून सांगून माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

मांडव्याच्या पुढे, खाडीला लागून असलेल्या एका संस्थेच्या आवारात माझा जन्म झाला. तेव्हा देश नवा होता आणि माझे इंजिनीअर त्याहून नवे होते. चुकत, भांडत, पुन्हा पुन्हा मोजत त्यांनी मला उभे केले. माझा खोल पाण्याचा हौद आणि त्याभोवतीची जाडजूड भिंत यांसाठी लागणारे सगळे सिमेंट, वाळू आणि खडी आसपासच्या गावांतल्या बायकांनी डोक्यावरच्या घमेल्यांतून वाहून आणली.

भिंतीला बाहेरून गिलावा झाला त्या दिवशी एक प्रकार घडला. नवे घर बांधले की त्या बायका भिंतीवर हाताचे थापे मारत. त्यांच्या लेखी मीही घरच! गिलावा ओला असतानाच त्यांनी ओळीने आपापला हात त्यावर दाबला. मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला, पण ठसे पुसायला काही सांगितले नाही. मग कुंपण आले, पहारा आला, आणि ज्यांनी मला बांधले त्यांनाच पुन्हा आत येता आले नाही. याचा मला अजून राग येतो.

मी कामाला लागले. माझ्या पोटात अणू फुटत आणि हौदाच्या तळाशी निळा उजेड पडे. पाहुणे तो पाहून "वा, वा" म्हणत आणि चहाला निघून जात. माझे खरे काम वेगळेच होते. गळ्याच्या गाठी तपासायला लागणारे औषध मी मुंबईच्या दवाखान्यांना पुरवले. कितीतरी तरुण इंजिनीअर माझ्यावर हात बसवून मोठ्या अणुभट्ट्या चालवायला गेले. त्यांतल्या एकानेही पुढे कधी माझी चौकशी केली नाही.

पुढे मी जुनी झाले. माझे इंधन काढून नेले, मला धुऊन-तपासून निर्धोक ठरवले, हौद रिकामा केला आणि दालनाला कुलूप ठोकले. बरीच वर्षे माझ्याकडे फक्त कबुतरे येत होती, आणि त्यांनी माझे काय केले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. शेवटी कुणीतरी ठरवले, हिला पाडा आणि इथे गोदाम बांधा.

तेव्हा संस्थेत माणगावची मृणाल नवीन इंजिनीअर म्हणून लागली होती. तिने हट्टच धरला. आपल्या लोकांनी सुरुवातीच्या काळात बांधलेली ही अणुभट्टी आहे, हिला ऐतिहासिक अभियांत्रिकी वारशाचा मान मिळायलाच हवा, असा अर्ज तिने केला. मान मिळाला तर मी वाचणार होते, नाहीतर गोदाम ठरलेलेच होते.

मृणालला भिंतीवरचे ठसे दिसले आणि ती चौकशी करत गावात गेली. तिथे सोनाबाई भेटली. सोनाबाईच्या घरात तिच्या आईचा एकही फोटो नव्हता. आईचा हात संस्थेतल्या भिंतीत आहे, एवढे तिने लहानपणापासून ऐकले होते, पण पाहिला कधीच नव्हता. अर्जाची पाहणी करायला परीक्षक येतील त्या दिवशी तुम्हाला आत नेते, असा शब्द मृणालने दिला.

आता प्रितमविषयी सांगते. तो आवाराची देखभाल पाहतो. माणूस अगदी सोन्यासारखा, आणि तीच तर पंचाईत! घरी गणपती येणार म्हटले की आधी घराला रंग काढायचा, ही त्याची सवय. इथे तर परीक्षक येणार होते. मृणाल कामासाठी मुंबईला गेली आणि याने माणसे लावून मला रंगवून काढले. तेही पिस्ता रंगात! मित्रांनो, अणुभट्टीला कधी पिस्ता रंग देतात का? भिंतीत त्याला खड्डे दिसले. ते त्याने पुट्टी भरून गुळगुळीत करून टाकले. मला तोंड असते तर मी सगळे आवार डोक्यावर घेतले असते.

परीक्षक बाई आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "ही इमारत नवीन आहे का? अर्जात लिहिलेले हातांचे ठसे कुठे आहेत?"

मुंबईहून परतून थेट सोनाबाईला घेऊन आलेली मृणाल ती रंगवलेली भिंत पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या मागे ठेवणीतले लुगडे नेसलेली सोनाबाई उभी होती. तिने भिंतीवरून हात फिरवला.

"पोरी, माजी आय कुठं हाय?"

प्रितम चाचरत म्हणाला, "आजी, भिंतीत खड्डे होते. पाहुणे काय म्हणतील म्हणून भरून घेतले."

"खड्डे न्हाय रं बाबा. बायांचे हात व्हते ते." सोनाबाईचा आवाज चढला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. "पानी आन."

प्रितम धावत जाऊन बादली आणि खरवडायला पत्रा घेऊन आला. सोनाबाईने पत्रा बाजूला सारला. "त्यानं आयचा हात खरचटंल. बोटांनीच काढू." पुट्टी अजून पुरती वाळली नव्हती. सोनाबाई ती पाणी लावून नखांनी उकरू लागली. मृणाल बसली, प्रितम बसला. थोड्या वेळाने परीक्षक बाईंनीही पदर खोचला.

एकेक ठसा दिसू लागला. सोनाबाई म्हणाली, "डावा हात बघा. मी आयच्या उजव्या कडेवर व्हती, म्हून तिनं डावा लावला."

डावा हात प्रितमलाच सापडला. तो बाजूला सरकला. सोनाबाईने आपला हात त्या ठशावर ठेवला, पण तो त्यात मावेना. तिची बोटे चारी बाजूंनी बाहेर येत होती.

"आगं बया," ती हळूच म्हणाली, "येवढासा हात? पोरगीच व्हती की गं माजी आय." आणि सत्तरीला टेकलेली सोनाबाई त्या छोट्या हातावरून लेकीला कुरवाळावे तसा हात फिरवत राहिली. मला रडू आले.

मला मान मिळाला. गोदाम रद्द झाले. संगमरवरी पाटी आली तेव्हा प्रितम भोके पाडायचे यंत्र घेऊन हजर! मृणालने ती पाटी बाहेर खांबावर लावायला लावली, नाहीतर त्याने ती थेट माझ्या छातीवर ठोकली असती.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी जुनी विहीर असेल, शाळा असेल, बंदरावरचा धक्का असेल. त्यांना मान जरूर द्या. पण रंगाचा डबा उघडण्याआधी, हात जोडून सांगते, गावातल्या एखाद्या म्हातारीला बोलावून आणा आणि तिला विचारा, "आजी, इथे तुमचं कुणी आहे का?"