बाकामागची फट

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वेल्डिंगचं मशीन पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत येऊन थांबलं. वसाहतीच्या तोंडाशी चौथऱ्यावर एक जुनं वाफेचं इंजिन उभं केलेलं आहे. रिकामटेकडे लोक त्यात चढून पत्ते कुटत आणि हाती लागेल ते पितळ काढून नेत. म्हणून ड्रायव्हरच्या खोलीची दोन्ही दारं पत्रा लावून कायमची बंद करायची होती. ठेकेदाराचा मुकादम भुजंग हे काम घेऊन आला, तेव्हा इंजिनात एक म्हातारा आधीच चढलेला होता. गुडघे टेकून तो फायरमनच्या बाकामागं बॅटरी मारत होता.

"ओ काका, उतरा खाली. पडलात तर आमच्या नावानं बोंब."

"पडत न्हाई. ह्याच इंजिनावर कोळसा मारलाय मी."

"मग दोघंबी म्युझियममधलेच म्हणा की." भुजंग हसला. "चला, दारं बंद करायचीत."

"धा मिनिटं दे बाबा. डबी हुडकायलोय. चांदीची."

"कवा हरवली?"

"अठ्ठ्याऐंशीला. मे महिन्यात."

भुजंगानं वेल्डरकडं पाहिलं. वेल्डरनं कपाळाला बोट लावलं.

म्हाताऱ्याचं नाव मन्मथअप्पा, वय चौऱ्याहत्तर. नोकरीची पहिली वीस वर्षं त्यांनी वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून काढली, पुढची डिझेलवर. त्यांच्या पेडगावच्या लिंगायत घराण्यात लिंगधारणेची रीत कडक. लहानपणी स्वामींनी चांदीच्या डबीतून गळ्यात घातलेलं इष्टलिंग आंघोळीलासुद्धा उतरवायचं नाही, रोज त्याला डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच घास तोंडात घालायचा. मेल्यावर ते डाव्या हातात ठेवून देह मातीत बसवायचा.

भट्टीसमोर वाकलं की चांदीची डबी तापे आणि छातीला चटका बसे. म्हणून ते ड्यूटीवर डबी पाठीवर टाकत. मे महिन्यातल्या त्या दिवशी पाठीवर गळू झालं होतं आणि दोरा त्यावर घासत होता. पेडगाव सुटल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डबी गळ्यातून काढली आणि बाकावरच्या खिळ्याला अडकवली. सेलूला गाडी थांबली तेव्हा खिळ्याला काही नव्हतं.

ड्रायव्हर किशनराव खेकसले होते, "अप्पा, काय बघायलास? प्रेशर उतरायलंय. टाक कोळसा!"

अप्पांनी कोळसा टाकला. डबी बाकामागच्या फटीत पडली असेल, किंवा कोळशाच्या ढिगात. ढिगात असेल तर ती फावड्यावर येणार होती. प्रत्येक फावडं ते निरखून बघत, पण धावत्या इंजिनात भट्टी थांबत नाही. निरखायला जेवढा वेळ मिळाला तेवढाच मिळाला. गाडी जालन्याला वेळेवर पोचली.

लिंग गेलं तर स्वामींपुढं जाऊन सांगायचं आणि पुन्हा दीक्षा घ्यायची, एवढा मार्ग होता. पण ते हातानं उतरवलं हेही मग सांगावं लागणार होतं, आणि वडील जिवंत होते. आज सांगू, उद्या सांगू करत अप्पांनी परभणीच्या सराफाकडून तशीच डबी घेतली. आत कोळशाचा एक गुळगुळीत खडा ठेवला. तो तेवढा दिवस निभावून न्यायला होता.

गेल्या महिन्यात अप्पांचा मेहुणा वारला. स्वामींनी सगळ्यांदेखत डबी उघडली, लिंग त्याच्या डाव्या हातात दिलं. अप्पा तिथंच उभे होते. त्या दिवसापासून त्यांच्या हातात बॅटरी होती.

लवकर सुटका व्हावी म्हणून भुजंगानंच बाकाखाली पहार घातली. बाक गंजून पत्र्याशी एकजीव झाला होता, हलला नाही. मग त्यानं फटीत तार सोडली. हातभर खाली तार कशावर तरी आपटून वाजली.

"हाय काहीतरी. नटबी असंल, इटंचा तुकडाबी असंल."

"कापून बघ की."

"इंजिन कापायला साहेबाची सही लागती, काका. एवढ्या जुन्या डबीसाठी आतुर कशापायी झालात? दहा ग्रॅम तरी असंल का चांदी?"

खालून आवाज आला, "डबीत काय व्हतं ते सांगा की त्यांला."

अप्पांची बायको चन्नबसम्मा भाकरीचा डबा घेऊन चौथऱ्याच्या पायरीपाशी उभ्या होत्या. अप्पा दाराच्या दांडीला धरून राहिले.

"तुला कोन सांगितलं?"

"कोन सांगंल? तुमच्या हातानं सांगितलं. कोळशाच्या गाड्या बंद होऊन तीस वर्सं झाली. पूजेवरून उठलाव की डावा तळहात काळाच. मी काय आंधळी हाय का?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हून वाट बघितली."

"सदतीस वर्सं?"

"गाडी लेट असली तवाबी बघतच व्हते की."

भुजंगाला अर्थ लागला नाही, पण तो आता हसत नव्हता. वेल्डरनं काच डोळ्यांवरून वर घेतली.

"स्वामींकडं जाऊ," चन्नबसम्मा म्हणाल्या. "नवं देतेत."

"जाऊ. पर आधी कळू दे, ते हितं पडलंय का मीच भट्टीत घातलंय."

भुजंगानं एका दाराला पत्रा लावला आणि दुसऱ्याला कुलूप घातलं. "सोमवारपतूर थांबतो. सही आणा, कटर मी आणतो," असं म्हणून तो गेला.

साहेबांच्या नावे अर्ज अप्पांनी स्वतः लिहिला. हरवलेली वस्तू या शब्दांपुढं त्यांनी 'इष्टलिंग' असं लिहिलं.

सोमवारी सकाळी ते पूजेला बसले. एरवी ते भिंतीकडं तोंड करून बसत, आज घराकडं तोंड करून बसले. डबी उघडली. आवळ्याएवढा ठेवलेला खडा पाण्यानं झिजून बोराएवढा झाला होता. चन्नबसम्मांनी तांब्या घेतला आणि त्यांच्या तळहातावर धार धरली. काळं पाणी ताम्हनात पडत राहिलं. नंतर त्यांनी तो हात पदरानं पुसला आणि ताट वाढलं.

संध्याकाळी साडेपाचला ऑफिस बंद झालं. साहेब दौऱ्यावर होते. सही झाली नव्हती. भुजंगानं दुसऱ्या दाराला पत्रा मात्र लावला नव्हता; कुलूप तसंच होतं.